नाकेबंदीचा भार कोणाच्या माथी

प्रस्तावना

२२ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला. दावा एका वाटेचा होता. दमणच्या किनाऱ्यावरून निघायचं, मधला भारतीय मुलूख ओलांडून दादऱ्याला पोचायचं आणि तिथून पुन्हा भारताची एक पट्टी ओलांडून नगर हवेलीत शिरायचं. तलासरीहून अच्छाडचा नाका पार करून भिलाड, वापी, सिल्वासा असा फेरा मारला आणि उधव्याकडून परत आलं, तर हा सगळा टापू एका दिवसात पाहून होतो. आर्थिक निर्बंधांवर लिहायला बसल्यावर सगळे बगदाद, तेहरान, हवाना यांच्याकडे बघतात. मी या पुस्तकाची सुरुवात या वाटेपासून करतो आहे, कारण निर्बंधांबद्दल आज जगभर जो वाद चालतो त्यातले सगळे प्रश्न आमच्या शिवेवर सत्तर वर्षांपूर्वी येऊन गेले आहेत.

त्या वेळी तलासरी नावाचा तालुका नव्हता. उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यात होता आणि ठाणे जिल्हा मुंबई राज्यात. १ मे १९६० ला उंबरगावचा मोठा भाग गुजरातेत गेला, मागे उरलेली गावं आधी डहाणूला जोडली गेली आणि १९६१ मध्ये त्यांचा तलासरी महाल झाला. पालघर जिल्हा तर १ ऑगस्ट २०१४ चा. कागदावरच्या रेघा अशा सरकत राहिल्या. वारली, कोकणा, धोडिया, दुबळा माणसं होती तिथेच राहिली. लेक इकडची, सासर तिकडचं, देव दोन्हीकडचे सारखे. १९५४ पर्यंत पलीकडच्या बहात्तर गावांवर लिस्बनचं राज्य होतं, आणि लिस्बनमध्ये १९३२ पासून पंतप्रधानपदी आंतोनियु सालाझार होता. छापण्याआधी वृत्तपत्र तपासलं जाई, सभेला बंदी, विरोध केला तर तुरुंग. गोव्याचे टी. बी. कुन्हा यांना पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं होतं. १९५५ मध्ये पकडलेले मोहन रानडे सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये, गोवा मुक्त होऊन सात वर्षं उलटल्यावर. हुकूमशाही म्हणजे काय हे आपल्याला दुरून शिकायची गरज नव्हती. ती शिवेपलीकडे होती.

दादरा-नगर हवेलीची ही गावं पोर्तुगिजांकडे गेली तीही मराठ्यांच्याच हातून. १७७९ च्या पुण्याच्या तहात पेशव्यांनी बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं त्यांना लावून दिली. नगर हवेली १७८३ मध्ये आणि दादरा १७८५ मध्ये त्यांच्या ताब्यात गेली. पावणेदोनशे वर्षांनी हेगमध्ये त्या तहाच्या मराठी मजकुराचा कीस पाडला गेला. पेशव्यांनी सार्वभौम सत्ता दिली होती की फक्त वसुलीचा हक्क? न्यायालयाने दुसरा अर्थ मान्य केला. भारताची बाजू मांडायला मोतीलाल सेटलवाड उभे होते आणि भारताच्या वतीने खास नेमलेले न्यायाधीश म्हणून महंमद करीम छागला त्या पीठावर बसले होते. मुंबई उच्च न्यायालयात ज्यांची उभी हयात गेली असे हे दोघे.

दाव्याचं कारण असं घडलं. जुलै १९५४ च्या अखेरच्या आठवड्यांत दादरा पडलं, मग नरोली, आणि २ ऑगस्टला सिल्वासा. ही ठाणी घेणारे म्हणजे युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सचे फ्रान्सिस मस्करेन्हस, आझाद गोमंतक दलाचे विश्वनाथ लवंदे, त्यांच्यासोबत सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी पुण्या-मुंबईकडची मंडळी; आणि इकडून लाल बावट्याखाली संघटित झालेले वारली. दमणच्या गव्हर्नरला तिकडे माणसं आणि फौज पाठवायची होती. भारताने वाट दिली नाही. पोर्तुगाल न्यायालयात गेला.

निकाल १२ एप्रिल १९६० ला लागला. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना ही वाट वापरण्याचा पोर्तुगालला हक्क होता, असं न्यायालयाने म्हटलं. सशस्त्र फौज, सशस्त्र पोलीस, शस्त्रं आणि दारूगोळा यांना मात्र तो नव्हता. आणि दादरा पडल्यानंतरच्या तणावात भारताने वाट अडवली यात भारताचं काही चुकलं नाही, असा नऊ विरुद्ध सहा मतांनी निर्णय झाला. आपल्याकडे हा निकाल भारताचा विजय म्हणून सांगितला जातो आणि तो विजय होताच. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. न्यायाधीशांनी एका बाजूला माणसं आणि माल ठेवला, दुसऱ्या बाजूला बंदूक. सरकारची बंदूक अडवणं वेगळं आणि माणसाचं पोतं अडवणं वेगळं. निर्बंधांचा सगळा नैतिक प्रश्न या दोन गोष्टी एकमेकींपासून अलग ठेवता येतात का, यावर येऊन थांबतो.

गोव्यात त्या अलग ठेवता आल्या नाहीत. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून गेले, पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या घातल्या, वीसहून अधिक माणसं मेली. देशभर संताप उसळला. फौज घाला, अशी मागणी होऊ लागली. नेहरूंना फौज घालायची नव्हती आणि हात बांधून बसणंही शक्य नव्हतं. मग आर्थिक नाकेबंदी पूर्ण कडक झाली. कॅसलरॉकहून कुळ्याकडे जाणारी रेल्वे तोडली. मुंबईहून पणजीला जाणारी बोट थांबली. व्यापार थांबला, जाण्यायेण्यावर परवान्याची अट आली, आणि सगळ्यात खोल घाव घालणारं पाऊल म्हणजे पैसे पाठवण्यावर बंदी आली.

या शेवटच्या पावलाचा अर्थ समजून घ्यायचा तर तेव्हाचं गोव्याचं घर डोळ्यांपुढे आणावं लागेल. गोव्यातली कर्ती माणसं मुंबईत होती. कोणी बोटीवर तारवटी, कोणी आचारी, कोणी बँडमध्ये वाजवणारा, कोणी गिरणीत, कोणी कचेरीत कारकून. धोबीतलावच्या कुडांमध्ये एकेका गावची माणसं ट्रंकेला ट्रंक लावून राहत आणि महिन्याला मनीऑर्डर करत. फॉर्मच्या तळाच्या कुपनावर दोन ओळी लिहायला जागा असे: पैशांतले एवढे दुकानदाराला द्या, एवढे डॉक्टरला, पावसाआधी घर शाकारून घ्या. साष्टी-बार्देशातल्या कितीतरी घरांचं अंदाजपत्रक एवढ्याशा कागदावर मावत असे. ऑगस्ट १९५५ नंतर हा कागद जाईनासा झाला. दुसरीकडे मुंबईतल्या सारस्वत कुटुंबांचे कुलदेव मंगेशीला, कवळ्याला, म्हार्दोळला; त्यांना लग्नानंतर ओटी भरायला जाणंही परवान्यावर आलं. सालाझारने या कोणाकडूनच पैसे घेतले नव्हते आणि या कोणीच सालाझारला निवडून दिलं नव्हतं.

आणि सालाझारचं काय झालं? गोव्याच्या बाजारात बटाटे हॉलंडहून आले, सिमेंट जपानहून, चहा सिलोनहून. १९५५ मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यासाठी स्वतःची विमान कंपनी काढली, दाबोळीला विमानतळ उभा केला, आणि गोवा, दमण, दीव, कराची अशी विमानं सुरू केली. लोखंडाच्या खनिजाची निर्यात १९५० च्या सुमाराला लाख टनांच्याही आत होती, ती दशक संपताना कित्येक पटींनी वाढून दशलक्ष टनांत मोजली जाऊ लागली. मुख्य गिऱ्हाईक जपान. खाणमालक मोठे झाले. परदेशी घड्याळं, कापड आणि सोनं गोव्यात उतरू लागलं आणि घाट चढून भारतात येऊ लागलं. नाकेबंदीने पैसा आटला नाही, त्याने वाट बदलली. तो मनीऑर्डर घेणाऱ्या बाईच्या घराला वळसा घालून खाणमालक, आयातदार आणि चोरट्या व्यापाऱ्याकडे गेला. खाणीवर हजारोंना रोजगार मिळाला हेही नोंदवलं पाहिजे, नाहीतर हिशेब खोटा पडेल. पण ज्या घरात खाणीवर जाण्याजोगं माणूसच नव्हतं, म्हातारी आणि नातवंडं एवढीच होती, त्या घराच्या जमेच्या बाजूला काहीच नव्हतं.

दमणचं दुखणं आणखी निराळं. तिथे खाणी नव्हत्या. नगर हवेलीचं सागवान आणि तांदूळ हा दमणचा पाठीचा कणा, तो १९५४ मध्येच गेला होता. पुढे सात वर्षं समुद्र आणि विमानाची धावपट्टी यांवर ते शहर तगलं.

१८ आणि १९ डिसेंबर १९६१ या दोन दिवसांत फौजेने जे केलं, ते सहा वर्षांच्या नाकेबंदीला जमलं नव्हतं. दमण घेतलं ते मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीने. नाकेबंदीने सालाझार वाकला असा एकही पुरावा मला सापडत नाही. वाकण्याची त्याला गरजच पडली नाही, कारण झळ त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. मुंबईत राहून लढणारे अनेक गोमंतकीय देशभक्त दिल्लीने आणखी कडक व्हावं असं म्हणत होते, आणि त्यांच्या त्यागाबद्दल मनात शंका धरणं हा अन्याय होईल. पण गोव्यात राहणाऱ्या माणसाला कोणी विचारू शकत नव्हतं. विचारायला सभा लागते, वर्तमानपत्र लागतं. हुकूमशाहीने दोन्ही आधीच बंद केली होती. दोन सरकारांनी मिळून त्या माणसाची कोंडी केली होती. एकाने तोंड बंद केलं, दुसऱ्याने वाट.

आता इराणकडे येतो, आणि त्यासाठीही मला डहाणू सोडावं लागत नाही. डहाणू, घोलवड, बोर्डीच्या चिकूवाड्या आज भौगोलिक मानांकन मिळवून बसल्या आहेत. त्या वाड्यांचा मोठा भाग यझद आणि किर्मानकडून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला आलेल्या जरथुष्ट्री इराण्यांनी उभा केला. तिथला जाच आणि गरिबी सोसवेना म्हणून ती माणसं इकडे आली होती. आज त्यांची चौथी-पाचवी पिढी मराठी आणि गुजराती बोलते, वारली मजुरांच्या जोडीने चिकूच्या तोडणीला उभी राहते, आणि काही घरांचं नातं अजून तिकडे टिकून आहे.

अशाच एका वाडीत चिकूच्या करंड्या भरल्या जात असताना मालकांशी बोलणं निघालं. त्यांची मावशी यझदला, वय ऐंशीच्या पुढे. तिच्या गोळ्या मिळेनाशा झाल्या म्हणून मुंबईहून तेहरानला जाणाऱ्या कोणा ओळखीच्याच्या बॅगेतून ते पाकीट पाठवतात. मी म्हटलं, "काका, औषधांवर तर बंदी नाही ना?" ते म्हणाले, "दवेवर बंदी नाही रे. बंदी पैशावर आहे. दवा घेणार कशाने आणि पाठवणार कोण?" 

निर्बंध कसे चालतात याचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही. कागदावर अन्न आणि औषधं वगळलेली असतात. पण औषध विकत घ्यायला बँकेचं पतपत्र लागतं, माल न्यायला जहाज लागतं, जहाजाला विमा लागतो. २०१२ मध्ये इराणी बँकांना पैसे फिरवणाऱ्या जागतिक यंत्रणेतून बाहेर काढलं गेलं. ८ मे २०१८ ला अमेरिका इराणशी झालेल्या अणुकरारातून बाहेर पडली आणि जुने निर्बंध परत लागू झाले. त्यानंतर युरोपातली किंवा आशियातली साधी बँकसुद्धा इराणचं नाव दिसलं की हात झटकू लागली. औषधाचा व्यवहार कायदेशीर आहे हे तिला ठाऊक असतं. पण त्यात मिळणारी दलाली किरकोळ आणि चूक झाली तर दंड अब्जावधी डॉलरचा. बँक हिशेब करते आणि नकार देते. बंदी कोणी घातलेली नसते, तरी औषध पोचत नाही, आणि जाब कोणाला विचारावा हेही कळत नाही. त्वचेला फोड येऊन ती सोलवटणाऱ्या एका दुर्धर जन्मजात आजाराच्या इराणी मुलांना लागणाऱ्या खास पट्ट्या एका युरोपीय कंपनीने पाठवणं थांबवलं, ते असंच. भारतानेही मे २०१९ पासून इराणचं तेल घेणं बंद केलं. या काळात तिथल्या राजवटीची पकड ढिली झाली का? सीमेवरचा चोरटा व्यापार आणि आडमार्गाची तेलविक्री ज्यांच्या हाती, ते राजवटीचेच पहारेकरी आणखी श्रीमंत झाले. गोव्याच्या घड्याळांचीच ही मोठी आवृत्ती.

इराकचं प्रकरण या पुस्तकात सगळ्यात लांब आहे, म्हणून इथे थोडक्यात. ६ ऑगस्ट १९९० च्या ठरावाने संयुक्त राष्ट्रांनी इराकची जवळजवळ पूर्ण नाकेबंदी केली. तेलाच्या बदल्यात अन्न ही योजना १९९६ च्या अखेरीस सुरू झाली. त्या मदतकार्याचे प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन स्पोनेक यांनी २००० मध्ये. आतून बघणाऱ्या दोन माणसांनी लागोपाठ पद सोडावं, यात सगळं आलं. मात्र एका गोष्टीबद्दल वाचकाला आधीच सावध करतो. निर्बंधांमुळे इराकात पाच लाख मुलं मेली हा आकडा तुम्ही ऐकला असेल. २००३ नंतर झालेल्या पाहण्यांत बालमृत्यूंची तेवढी वाढ दिसली नाही, आणि मूळ आकडेवारीत सद्दामच्या सरकारने हात घातला होता असं २०१७ मध्ये दोन अभ्यासकांनी दाखवून दिलं. निर्बंधांच्या विरोधात बोलणाऱ्यांनी हा आकडा सोडून द्यावा. हुकूमशहाने आपल्याच मेलेल्या मुलांचा आकडा फुगवून विकला, ही गोष्ट त्याच्यावरच्या आरोपपत्रात भर घालते; आणि पाणी शुद्ध करणारी यंत्रं सुट्या भागांअभावी बंद पडली, शिक्षकांचा पगार काही डॉलरवर आला, लोक सरकारी शिध्यावर पूर्वी कधी नव्हते इतके अवलंबून झाले, हे त्या आकड्यावाचूनही खरं उरतं. शिध्याचं हे अवलंबन फार महत्त्वाचं आहे. ज्याच्या हातून पोराच्या तोंडी पीठ जातं त्याच्याविरुद्ध माणूस रस्त्यावर उतरत नाही.

२०२५ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात १९७१ ते २०२१ या पन्नास वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकतर्फी निर्बंधांशी जोडता येतील असे मृत्यू वर्षाला सुमारे ५ लाख ६४ हजार, असा त्याचा अंदाज. संयुक्त राष्ट्रांनी एकत्रितपणे घातलेल्या निर्बंधांबाबत असा ठळक परिणाम मात्र त्यांना आढळला नाही. हा संख्याशास्त्राचा अंदाज आहे आणि त्यावर वाद होतील. तरी सामान्यांना झळ बसते की नाही, हा प्रश्न आता उघडा राहिलेला नाही. बसते.

मग सगळेच निर्बंध चूक का? इथे मी थांबतो, कारण तलासरी मला थांबवते.

२३ मे १९४५ ला इथल्याच झरीला पाचेक हजार वारली जमले आणि त्यांनी ठरवलं: वेठ करायची नाही. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी बांधलेल्या या लढ्याचं वर्णन ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या गोदावरीबाईंच्या पुस्तकात आहे. ते मराठी वाचकाच्या घरी असायलाच हवं. त्याच वर्षी गवतकापणीच्या हंगामात संप झाला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये ही मागणी. पुढच्या वर्षी जंगलकामाचा संप, रोज सव्वा रुपयासाठी. जमीनदार आणि लाकूडव्यापारी यांची आर्थिक नाडी आवळण्याचा हा प्रयत्न होता, म्हणजे एका अर्थाने निर्बंधच. आणि त्याची झळ कोणाला बसली? सगळ्यात आधी वारल्यालाच. गवतकापणी हाच पैसा हाती येण्याचा हंगाम. जमीनदाराकडची खावटी तुटली की पावसाळ्यात दाणा नाही. मग रानातला कडूकंद उकरायचा, काप करून वाहत्या पाण्यात ठेवायचे, कडूपणा गेल्यावर उकडून खायचे. नागलीची पेज पातळ करत न्यायची. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले.

या उपासमारीला मी चूक म्हणू शकत नाही. झरीच्या माळावर जे बसले होते त्यांनीच ती पत्करली होती. काय मागायचं ते त्यांना ठाऊक होतं, दर आण्या-पैत सांगितला होता, आणि तो मिळाला की कोयता परत उचलायचा हेही त्यांनीच ठरवायचं होतं. संप सुरू करणं त्यांच्या हातात आणि मागे घेणंही. गोव्यातल्या त्या म्हातारीच्या हातात यातलं काही नव्हतं. यझदच्या मावशीच्याही नाही. तेहरानच्या सरकारने नेमकं काय केलं की तिची गोळी परत मिळेल, याचं उत्तर दर दोन-तीन वर्षांनी बदलत आलं आहे.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण निर्बंधांच्या बाजूने नेहमी दिलं जातं आणि ते योग्यच आहे. पण ते पूर्ण सांगावं. वंशभेदी सरकारशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत. १९४६ मध्ये तोडला, स्वातंत्र्याच्याही आधी, आणि तेव्हा भारताच्या निर्यातीतला सुमारे पाच टक्के वाटा त्या देशाकडे जात होता. तिथल्या भारतीयांना तांदूळ, मसाले, साड्या याच व्यापारातून मिळत. तरी त्यांच्याच काँग्रेसचं शिष्टमंडळ भारतात येऊन ही मागणी करून गेलं होतं. १९५९ मध्ये आल्बर्ट लुथुली यांनी जगाला बहिष्काराचं आवाहन केलं तेही आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून, ज्यांच्या पोटाला चिमटा बसणार होता त्यांच्या वतीने. १९७७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सक्तीची बंदी घातली ती शस्त्रांवर. बंदूक अडवली. हेगच्या न्यायाधीशांनी आमच्या वाटेवर काढलेली रेघ तिथे पाळली गेली.

म्हणून पुढची प्रकरणं मी या नजरेने लिहिली आहेत. हुकूमशाहीशी पूर्ववत व्यापार चालू ठेवणं हा निर्दोष पर्याय नाही; ज्या नळकांड्यातून अश्रुधूर सुटतो ते कोणीतरी विकलेलं असतं. शस्त्रं, सत्ताधाऱ्यांच्या परदेशी खात्यांतला पैसा, त्यांच्या मुलांचे व्हिसा, हे खुशाल अडवावं, जितकं कडक होईल तितकं. पण अख्ख्या देशाची बँक, बंदर आणि औषध अडवून लोकांना इतकं पिळायचं की ते सरकार उलथवतील, या धोरणाचा मी विरोधक आहे. ते क्रूर आहे आणि त्याचा उपयोगही होत नाही. दूरच्या राजधानीत बसून दुसऱ्याच्या उपासाचा निर्णय घेण्याचा अधिकार कोणालाही नाही, आपल्या दिल्लीलासुद्धा नव्हता. नेहरूंचा हेतू शुद्ध होता हे मान्य करूनही मी हे म्हणतो.

वाट बंद झाली की काय होतं हे कळायला आमच्या भागात इतिहासही लागत नाही. २०२० च्या टाळेबंदीत अच्छाडला सीमा बंद झाली तेव्हा उंबरगाव, वापी, सिल्वासाच्या कारखान्यांत रोज जाणारे डहाणू-तलासरीचे हजारो हात एका दिवसात रिकामे झाले, आणि गुजरातच्या बंदरांवरून बोटींनी परतणारे इथलेच आदिवासी खलाशी उंबरगावच्या किनाऱ्याशी येऊनही उतरू शकले नाहीत. कारण साथीचं होतं, शत्रुत्वाचं नव्हतं. तरी चूल कशी पटकन थंडावते ते सगळ्यांनी पाहिलं.

सालाझारची राजवट संपली २५ एप्रिल १९७४ ला, त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ चार वर्षांनी, आफ्रिकेतल्या वसाहतींची युद्धं लढून थकलेल्या पोर्तुगालच्याच सैनिकांच्या हातून. त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली भारताची असल्याचं मान्य केलं. हा सगळा तपशील दफ्तरांत मिळतो. मिळत नाही तो १९५४ ते १९६१ या सात वर्षांचा घरगुती हिशेब. उधव्याच्या पलीकडच्या बहिणीकडे जाताना कोणाला काय दाखवावं लागे, मीठ आणि रॉकेल कुठून येई, दमणच्या कोळणी मासळी कुठे विकत, पैसे आले नाहीत त्या वर्षी शाळा कोणाची सुटली. हे सांगू शकणारी माणसं आज ऐंशीच्या पुढे आहेत. डहाणू, तलासरी, खानवेल, सिल्वासा, दमण इथल्या वाचकांना माझी विनंती आहे: आपल्या घरातल्या आजी-आजोबांना बसवून विचारा, त्यांच्याच बोलीत लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून घ्या, जुना परवाना, मनीऑर्डरची पावती, पत्र सापडलं तर जपा, आणि एक प्रत आपल्या तालुक्याच्या वाचनालयात ठेवा.